रिकाम्या रुळावरचा भार

१

इंजिन बिघडलं की लोक ते माझ्याकडे आणतात. तळहातावर मावणारं इंजिन, बुटांच्या खोक्यात, जुन्या मोज्यात गुंडाळलेलं. आजारी मांजर डॉक्टरकडे न्यावं तशा चेहऱ्यानं दारात उभे राहतात. "रोस्विटा, हिला चढावर धाप लागते." "रोस्विटा, हुकूम दुसरीला देतो आणि पळते ही."

हल्लीच्या खेळण्यातल्या इंजिनांच्या पोटात नखाएवढी चिप असते. रुळांतून तिला वीज मिळते आणि त्याच रुळांतून हुकूमही: चल, थांब, दिवे लाव, शिटी दे. प्रत्येकीचा नंबर ठरलेला. आपला नंबर पुकारला तरच हलायचं, नाहीतर गप्प उभं राहायचं. माझं आयुष्य टेलिफोनच्या कारखान्यात तारा जोडण्यात गेलं, त्यामुळे मला यात कधी काही गूढ वाटलं नाही. आधी मळ बघायचा, मग तार, मग चिप. बहुतेक वेळा मळावरच भागतं. आमच्या डोंगरातल्या गावात चुली लाकडाच्या, आणि धूर रुळांनाही सोडत नाही.

नोव्हेंबरात अनेलोरे ऊलिगचा फोन आला.

"आमच्या गाड्यांनी संप केलाय गं," ती म्हणाली. "आणि आमच्या म्हाताऱ्यानं त्यांना पाठिंबा दिलाय. सकाळपासून भिंत बडवतोय."

तिचा नवरा बुर्खार्ड खेळण्यातल्या गाड्यांच्या क्लबातला माझा जुना सोबती. लाकडाच्या गिरणीत मुकादम होता. घराच्या माळ्यावर त्यानं आमची पूर्ण दरी छोट्या रूपात उभी केली होती: नदी, चर्च, गिरणी, आणि आता उखडलेली अरुंद रुळांची ती जुनी लाइन. वसंतात तो बागेत कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जीभ मोजक्या शब्दांपुरती वळायची. त्याचा पलंग माळ्याच्या बरोबर खालच्या खोलीत हलवला, आणि लाइपझिगच्या पुतण्यानं वर कॉम्प्युटर बसवून दिला. अनेलोरेनं दुपारची कॉफी झाली की एक बटण दाबायचं. गाड्या आपापल्या निघायच्या, एकमेकींना वाट द्यायच्या, अंधार पडेपर्यंत फिरायच्या. तो खाली पडून ऐकायचा.

"टीव्ही लावला तर तोंड फिरवतो," अनेलोरे म्हणायची. "मी बोलले तर डोळे मिटतो. गाड्या लावल्या की माणसात येतो. आता सांग, सवत बरी की नाही माझी?"

त्या गाड्या आता उभ्या होत्या.

२

माळ्यावर गारठा होता. उतरत्या छपराच्या काचेवर ओला बर्फ साचलेला, त्यामुळे उजेडही राखाडी. गाड्या सिग्नलपाशी एकीमागे एक खोळंबल्या होत्या, दिवे लावून. बिघाड असा कुठे दिसत नव्हता. प्रत्येक इंजिन हुकूम मानत होतं. त्यांना पुढे जाऊच दिलं जात नव्हतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कारण दिसलं. सगळ्या रुळांचे टप्पे पाडलेले असतात. टप्प्यात गाडी शिरली की ती थोडी वीज खाते, आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की इथे कुणीतरी आहे. मग तो टप्पा पडद्यावर लाल होतो आणि मागच्या गाड्या थांबतात. सगळ्यात खालचा एक टप्पा लाल होता. देखाव्याच्या खाली, लाकडी फळ्यांच्या आड, गाड्या लपवून ठेवायला एक तळ असतो. आमच्या छंदात त्याला सावलीचं स्टेशन म्हणतात. मी बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला. त्या रुळावर काहीच नव्हतं.

"काय झालंय?" अनेलोरेनं जिन्यातून विचारलं.

"रुळाला भास होतोय," मी म्हटलं. "ओल धरलीय. ओलीतून जराशी वीज पाझरली तरी त्याला वाटतं गाडी उभी आहे."

"म्हणजे माझ्या सासूसारखं. तिलाही सारखं वाटायचं दारात कुणीतरी आलंय."

मी रूळ स्पिरिटनं पुसले, केस सुकवायच्या यंत्रानं फळ्या शेकल्या. लाल गेलं. गाड्या निघाल्या. मी खाली येऊन बुर्खार्डच्या उशाशी बसले. छतातून चाकांचा आवाज येत होता, सांधा आला की टक्‌-टक्‌. त्याचा चेहरा सैल झाला. डाव्या हाताचं बोट वर करून तो एकेक ओळखत होता. इंजिनांना नावं त्यानंच ठेवलेली.

"काकू," तो म्हणाला. मग, "बोका." मग बऱ्याच वेळानं, "पाद्री."

"बरोबर," मी म्हटलं. "तिघंही ठणठणीत आहेत."

त्याचं बोट खाली आलं नाही. तो ऐकत राहिला. मीही कान दिला. पाद्री लांब गेला होता, वर सगळं शांत होतं.

"आणि ही?" बुर्खार्डनं मला विचारलं.

मी म्हटलं, "कुठली रे?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची थट्टा करत होते.

३

आठवडाही गेला नसेल, पुन्हा फोन. पुन्हा गाड्या उभ्या, पुन्हा बुर्खार्डचं भिंत बडवणं.

या वेळी लाल टप्पा दुसराच होता. मी स्पिरिटची बाटली काढली आणि पुसायला वाकणार तोच पडद्यावरचा तो लाल पट्टा विझला आणि पुढचा पेटला. मी थांबले. थोड्या वेळानं तोही विझला आणि त्याच्या पुढचा पेटला. गिरणीवरून पुलाकडे, पुलावरून चर्चकडे. एका संथ गाडीला लागतो तेवढाच वेळ प्रत्येक टप्प्यात.

ओल चालत नाही. ओल असते तिथेच असते.

सैल तार असेल, मी मनाला सांगितलं. रूळ तापतात, गार होतात, जोड एकामागून एक सुटतात. असं होऊ शकतं. मी गाड्या उचलायला घेतल्या. सगळी इंजिनं, सगळे डबे खोक्यात भरून खोकं जिन्याशी ठेवलं. आता संपूर्ण माळ्यावर रुळांखेरीज काही नव्हतं. मी वीज मोजायचं यंत्र तारेत जोडलं. काटा शून्यावर बसायला हवा होता. तो जरासा वर होता. छोटं इंजिन आणि त्याचे दोन-तीन डबे ओढायला लागते, तेवढी वीज कुठेतरी जात होती.

मी काट्याकडे बघत बसले. लाल पट्टा चर्च ओलांडून चढाला लागला, तसा काटा हळूहळू वर सरकला. माथा आला आणि काटा उतरला.

मला त्या क्षणी भीती वाटली असं म्हणणार नाही. राग आला. मी गाडी ओळखणारी पेटी बदलली. तारा सोडवून पुन्हा जोडल्या. पुतण्याचा कॉम्प्युटर काढून माझा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम, तो मी पाळला. प्रत्येक बदलानंतर लाल पट्टा होता तिथून पुढे निघायचा, चहाला थांबलेल्या माणसासारखा.

एकदा तो माझ्या समोरच्या टप्प्यात आला तेव्हा मी वाकून रुळाला कान लावला. रूळ गार होता, आणि सूक्ष्म थरथरत होता. दूरवरून काही येत असलं की थरथरतो तसा. ते जवळ आलं, माझ्या कानाखालून गेलं, लांब झालं. डोळ्यांपुढे फक्त प्लास्टिकचं गवत होतं.

मग ते बोगद्यात शिरलं, खाली, सावलीच्या स्टेशनाकडे. आणि खालच्या खोलीत भिंत बडवायचा आवाज बंद झाला.

४

"काल त्यानं बूट मागितले," अनेलोरे म्हणाली.

काही दिवसांनी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिनं दोनदा माझ्या कपात कॉफी ओतली; दुसऱ्यांदा तो भरलेलाच होता.

"बोलला?"

"बोट दाखवलं. कपाटाकडे. मला वाटलं गंमत. बूट पलंगाशी आणून ठेवले तर कसा हसला माहीत आहे? लग्नात हसला नव्हता तसा. आज सकाळी कोट." तिनं आवाज खाली आणला, जरी दार बंद होतं. "आणि आपल्या गाड्या नकोत म्हणतो. काकू नको, बोका नको. मी बटण दाबायला निघाले तर मनगट धरलं. तीच एक हवी. ती आली की डोळे मिटून ऐकतो."

"तुला ऐकू येते?"

 टेबलावरचे पावाचे कण तिनं बोटानं गोळा केले.

"आधी येत नव्हती," ती म्हणाली.

मी तिला काट्याबद्दल सांगितलं नाही. ओल, सैल तारा, जुनी वायर, असं काहीबाही बोलत राहिले. ती मान हलवत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. छताकडे बघत होती.

"रोस्विटा, ती रोज थोडी जास्त थांबते. त्याच्या डोक्यावर. आधी नुसती जायची. मग हळू व्हायची. काल थांबली." मग एकदम, जुन्या अनेलोरेसारखी, "तू मेकॅनिक ना गं? की नुसती कॉफी प्यायला येतेस? बंद करून टाक ते. सगळं. तो मला शिव्या देईल, देऊ दे."

"तो मलाही देईल."

"तुला काय, तू तुझ्या घरी जाशील."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. अनेलोरेनं दह्याचा केक ओव्हनमध्ये सरकवला आणि ती ओल्या हातांनी बुर्खार्डच्या खोलीत जाऊन बसली. मी जिना चढले तेव्हा दारातून तिचा हात त्याच्या हातात दिसला. त्याचे केस विंचरलेले होते. बूट पलंगाशी होते.

माळ्यावर मी फार वेळ काढला नाही. कॉम्प्युटर बंद केला. रुळांना वीज देणारी पेटी बंद केली. मग भिंतीतून प्लगच उपटला आणि तो हातात धरून उभी राहिले. पडदा काळा झाला. काचेवरच्या बर्फातून गढूळ उजेड येत होता.

"झालं?" अनेलोरेनं खालून विचारलं.

"झालं. मेलंय सगळं."

'मेलंय' हा शब्द परत घ्यावा म्हणून मी तोंड उघडलं, आणि आवाज ऐकला.

टक्‌-टक्‌. अंतर. टक्‌-टक्‌.

पेटीत थोडी वीज साठून राहते, मी मनाशी म्हटलं. राहतेच. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुरेल इतकी. आवाज पुलावरून आला, पुलाचा पोकळ सूर मला पाठ होता. मग चर्चमागून. मग चढ, आणि चढावर चाकं जड झाली. मी प्लग सोडला, जमिनीवर पालथी पडले आणि बाजूचं झाकण काढलं.

टॉर्चच्या उजेडात सावलीच्या स्टेशनाचे रूळ रिकामे होते. धूळ, एक मेलेली माशी, एक सुटलेला स्क्रू. मी टॉर्च मालवला. का, ते सांगता येणार नाही.

अंधारात आतल्या फळीवर उजेड पडला होता. पिवळे चौकोन, ओळीनं. संध्याकाळच्या गाडीच्या खिडक्यांचा उजेड बाजूच्या बांधावरून घसरत जातो, तसे ते फळीवरून माझ्याकडे घसरत येत होते. गाडी नव्हती. नुसता उजेड आणि चाकांचा आवाज, तोही मंदावत चाललेला. एक चौकोन माझ्या बाहीवरून गेला. त्यात कुणाच्या तरी डोक्याची सावली होती, टोपी घातलेली. पुढचा चौकोन मोकळा होता. त्याच्या पुढचाही.

खालून बुर्खार्ड बोलला.

"अनेलोरे, हात सोड."

स्पष्ट, गिरणीतल्या आवाजात. वसंतानंतर त्यानं पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं.

"कुठे जायचंय तुला?" तिनं विचारलं.

"सोड गं. माझ्यासाठी थांबवलीय त्यांनी."

टक्‌. टक्‌. मग अनेलोरे म्हणाली, हळू, एखादी मुलगी लाजून बोलते तशी, "जरा थांब ना. मीही कोट घालते."

मी "अनेलोरे!" म्हणून ओरडले. कपाटाचं दार कुरकुरलं, हँगर वाजला. उजेड अजून खालच्या पलंगाच्या बरोबर वरच्या जागी पोचला नव्हता, वीतभर राहिलं होतं. मी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि त्या उजेडाच्या पुढे रुळावर आडवा ठेवला.

काहीतरी येऊन हाताला टेकलं. धडक नव्हती. रांगेत मागचा माणूस पाठीला टेकून उभा राहतो, तसं. ऊब होती त्याला. ते ढकलत नव्हतं. मी हात काढीन, या खात्रीनं थांबलं होतं, आणि ती खात्री इतकी शांत होती की माझा हात आपोआप उचलला जाऊ लागला. कुणाला अडवतेय मी, असं मनात आलं. माझा काय संबंध?

खाली अनेलोरेच्या चपला काढल्याचा आवाज झाला. बूट घालत होती.

मला एकच सुचलं. "अनेलोरे!" मी जीव तोडून ओरडले. "केक जळतोय!"

पावलं थांबली. मग ती धावली, पॅसेजमधून, जिन्यावरून खाली, स्वयंपाकघरात. ओव्हनचं दार आपटलं. फळीवरचे चौकोन विझले, एकेक नव्हे, सगळे एकदम, आणि माझा हात थंड लाकडावर होता.

बुर्खार्ड रडत होता. मोठ्या माणसाला रडताना ऐकलंय मी, पण असं नाही. गाडी चुकल्यावर लहान मूल स्टेशनावर रडतं, तसा.

६

मी खाली गेले तेव्हा अनेलोरे स्वयंपाकघरात उभी होती, कोटाची एक बाही घातलेली, हातात केकचं गरम भांडं, कपडा न घेता धरलेलं.

"जळला नव्हता की गं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून भांडं काढून घेतलं आणि तिचे हात नळाखाली धरले.

नाताळच्या आधी क्लबातल्या लोकांनी माळ्यावरची दरी उतरवली. चर्च, पूल, गिरणी, सगळ्या फळ्या आणि सगळे रूळ. बुर्खार्ड ईस्टरनंतर गेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पण त्या दुपारपासून तो एक शब्द बोलला नव्हता. मी भेटायला गेले की तोंड भिंतीकडे करायचा आणि मी उठेपर्यंत तसाच राहायचा. इंजिनं त्यानं माझ्यासाठी मागे ठेवली होती. मी ती चालवत नाही.

मी काय केलं, हे मला अजून ठरवता येत नाही. एका बाईला थांबवलं, हे खरं. तो एकटा गेला असता तर निदान हसत गेला असता, हेही खरं. लोक अजून इंजिनं घेऊन येतात. मी मळ बघते, तार बघते, चिप बघते, आणि काम झालं की रूळ माझ्या टेबलावरून लगेच काढून ठेवते.

मे महिन्यात अनेलोरेच्या बागेत बसलो होतो. तिच्या तळहातांवरची कातडी अजून गुलाबी होती. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, शेजारणीच्या कोंबड्यांच्या. मध्येच ती म्हणाली, "तू हात का घातलास गं?"

हाताचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

"मला खालून दिसत होतं," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "छताचं काही राहिलंच नव्हतं तिथे. आत दिवे होते, मऊ बाकं होती. माणसं शहाणी, सरकून बसलेली. दोघांना पुरेल एवढी जागा होती त्यात, रोस्विटा."

मी कप खाली ठेवला.

"आता तो पलीकडे आणि मी इथे. त्याला सांगताही येत नसेल तिथे, की ही येणार होती." ती पुढे वाकली. "तू पुन्हा लाव ना ते. सगळं नको. त्या खोलीच्या वर, एकच रूळ."

"सामान मिळत नाही गं हल्ली," मी म्हटलं. "नवीन चिप, पेटी, वीज, कॉम्प्युटर, सगळंच पहिल्यापासून…"

अनेलोरे माझ्याकडे बघून हसली. दया यावी तसं हसली.

"तिला कुठे काय लागत होतं?"